तुम्ही त्यांचे कोण?

पांढरकवडा नगर परिषदेत लग्नाची नोंद करायची, तर 'नमुना ड' भरावा लागतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत गेलात तरी नमुना हाच. वर वराचे नाव, वय, धर्म, पत्ता आणि लग्नाच्या वेळची स्थिती : अविवाहित, विधुर की घटस्फोटित. खाली वधूची तीच माहिती. मग लग्न लावणाऱ्या भटजीची, काझीची किंवा जो कोणी असेल त्याची सही, तीन साक्षीदार, शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सोबत लग्नपत्रिका, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. बाबूने कागद तपासला, साहेबांची सही झाली की प्रमाणपत्र हातात. पुढे पासपोर्टपासून बायकोचे नाव रेशन कार्डात चढवण्यापर्यंत तोच कागद कामी येतो.

'वर' आणि 'वधू' या दोन रकान्यांत दोन पुरुषांची किंवा दोन बायांची नावे घालून अर्ज पुढे सरकवला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. बाबूला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढचा छापील कागद १९९८ च्या राज्य कायद्याने ठरवून दिला आहे. वर कोण आणि वधू कोण हे वेगळे सांगण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नव्हती.

आता कोणी म्हणेल, पांढरकवड्यात हा प्रश्न काढायचे कारण काय? गावाचे नाव पेपरात येते ते कापसाच्या भावासाठी, शेतकरी आत्महत्यांसाठी, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातलेल्या अवनी वाघिणीसाठी. तालुक्याचे सरकारी नाव केळापूर, गावाचे नाव पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ, विधानसभा आर्णीची, लोकसभा चंद्रपूरची. आधीच कुठल्या कागदावर काय लिहायचे याचा घोळ असलेला हा मुलूख. समलिंगी जोडीदारांच्या नोंदणीचा प्रश्न मुंबई-पुण्याचा, तो इथे कुठे आला?

नेमके हेच केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. एप्रिल २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांवर सुनावणी सुरू होण्याआधी सरकारने दिलेल्या अर्जात ही मागणी 'शहरी उच्चभ्रूंची' असल्याचा सूर होता. म्हणून मी हा प्रश्न मुद्दाम मुंबईतून न बघता केळापूर तालुक्यातून बघायचे ठरवले. शहरात पैसा असतो, वकील असतो, निनावी राहण्याची सोय असते. कायदा नसला तरी तिथे माणूस वाट काढतो. कायदा खरा लागतो तो जिथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या आजोबांना ओळखतो तिथे.

जिल्ह्याच्या पदरी एक घटना आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस यवतमाळ शहरातल्या एका हॉटेलात, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या, मूळच्या यवतमाळच्या एका अभियंत्याने आपल्या परदेशी जोडीदाराशी पाहुण्यांसमक्ष लग्नसोहळा केला. त्या वेळी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ जिवंत होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची धार काढली होती, पण डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावली आणि ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर खटल्यात घटनापीठाने ती कायमची बोथट केली. म्हणजे यवतमाळचा सोहळा झाला तो कायद्याने मोकळीक देण्याच्या आठ महिने आधी. देशभर बातमी झाली. मात्र सरकारचा 'उच्चभ्रू' आरोप खोडायला हे उदाहरण अपुरे पडते, कारण अमेरिकेत २०१५ पासून समलिंगी विवाह देशभर कायदेशीर आहे. ज्याला परतीचे विमान आहे, त्याचा संसार तिकडे नोंदलेला असतो. ज्याला सोमवारी सकाळी परत खुनी नदीच्या काठच्या याच गावात दुकानाचे शटर उघडायचे आहे, त्याचे काय, हा आपला प्रश्न.

पांढरकवड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग उत्तरेला नागपूरला आणि पाटणबोरी ओलांडून तेलंगणात शिरून सरळ हैदराबादला जातो. ज्या खटल्याने हा विषय देशाच्या चावडीवर आणला, त्याचे पहिले याचिकाकर्ते याच रस्त्याच्या त्या टोकाचे, हैदराबादचे. त्यांच्यातल्या एकाच्या नावाने तो 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' म्हणून ओळखला जातो. १८ एप्रिल २०२३ पासून दहा दिवस सुनावणी चालली आणि १७ ऑक्टोबरला निकाल आला. पाच न्यायमूर्ती होते : धनंजय चंद्रचूड, संजय किशन कौल, रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंहा. विवाह करणे हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय शब्द बदलू शकत नाही, यावर पाचही जण एक होते. फाटा फुटला तो पुढे. लग्न नाही तर नाही, पण दोन माणसांच्या सहजीवनाला काहीतरी कायदेशीर ओळख देणे सरकारवर बंधनकारक आहे का? चंद्रचूड आणि कौल म्हणाले, आहे. बाकी तिघे म्हणाले, एकत्र राहण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे, पण त्या नात्याला दर्जा देणारी व्यवस्था उभारा असा हुकूम न्यायालय सरकारला देऊ शकत नाही. तीन विरुद्ध दोन. ९ जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

त्याच निकालात एक गोष्ट मिळाली, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ट्रान्स व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल, म्हणजे ट्रान्स स्त्रीला पुरुषाशी किंवा ट्रान्स पुरुषाला स्त्रीशी लग्न करायचे असेल, तर आजच्याच कायद्याखाली ते करता येते, असे पाचही न्यायमूर्तींनी मान्य केले. मद्रास उच्च न्यायालयाने हे २०१९ मध्येच सांगितले होते. म्हणजे 'नमुना ड'च्या वधूच्या रकान्यात ट्रान्स स्त्रीचे नाव घालायला आज कायद्याची आडकाठी नाही.

सरकारने न्यायालयाला शब्द दिला होता की कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू आणि या जोडप्यांच्या रोजच्या अडचणी सोडवू. समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात तिची फळे तीन पत्रांच्या रूपाने बाहेर आली. अन्न मंत्रालयाने राज्यांना कळवले की रेशन कार्डासाठी असे जोडीदार एकाच कुटुंबाचे धरावेत. अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की त्यांना बँकेत संयुक्त खाते काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलाही अडसर नाही. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा.

पत्रे चांगली आहेत, पण जरा बारकाईने वाचा. संयुक्त खाते दोन अनोळखी माणसांनाही काढता येते आणि नॉमिनी शेजाऱ्यालाही करता येते. जे कधी बंद नव्हते ते खुले आहे, असे सांगणारे हे पत्र. मृतदेहाच्या पत्रातली अट तर बघण्यासारखी आहे : नातेवाईक नसतील तर. वीस वर्षे ज्याने औषधाच्या गोळ्या मोजून दिल्या, त्याचा हक्क दहा वर्षे तोंड न दाखवलेल्या चुलतभावाच्या नंतर. तिन्हीपैकी खरे कामाचे पत्र रेशन कार्डाचे. पण तहसीलच्या पुरवठा शाखेत कोणी अर्ज घेऊन गेले, तर 'नाते' या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न तिथेही उरतोच.

नॉमिनी या प्रकरणावर आपल्याकडे फार भाबडा विश्वास असतो, म्हणून एक मराठी खटला सांगतो. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या काही गुंतवणुकीच्या नॉमिनींनी ती आपलीच मालमत्ता असल्याचा दावा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ डिसेंबर २०२३ ला न्यायालयाने सांगितले की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी हा मालक नव्हे. तो पैसा स्वीकारणारा हात आहे, खरा हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्याचा. आयुर्विम्यात २०१५ पासून नियम थोडा निराळा आहे : आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. मधल्या त्या 'पती-पत्नी'त आपला माणूस बसत नाही. अर्थ मंत्रालयाने नॉमिनी करा म्हणून दिलेली मुभा इथे येऊन संपते.

आता केळापूर तालुक्यात येऊ आणि एक उदाहरण समजून घेऊ. हे उदाहरण रचलेले आहे, त्यातले कायदे मात्र खरे आहेत. समजा, दोन पुरुष आहेत. एकाच्या नावावर पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. दुसऱ्याचे पांढरकवड्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान. वीस वर्षे एका घरात राहतात. गावाला ठाऊक आहे आणि ठाऊक नाहीही. विचारले तर 'मावसभाऊ' म्हणतात, घर भाड्याने घेताना 'रूम पार्टनर' म्हणाले होते. अशी मानलेली नाती आपल्या समाजात भरपूर असतात आणि ती चालतात. गाव कोणाच्या खोलीत डोकावत नाही, फक्त नाव घेऊ देत नाही. बियाण्याचे, खताचे पैसे दुकानातून येतात, पावसाने दगा दिला की घर दुकानावर चालते.

एक दिवस शेतात वीज पडून शेतकरी जातो.

पहिला कागद अपघाताच्या मदतीचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. कोणाला द्यायचे याची उतरंड ठरलेली आहे : आधी मृताची पत्नी किंवा मृत स्त्रीचा पती, मग अविवाहित मुलगी, आई, मुलगा, वडील, असे करत शेवटी इतर कायदेशीर वारस. दुकानदार या यादीत कुठेच नाही.

दुसरा कागद सातबाऱ्याचा. तलाठी वारस नोंदवहीत नोंद घेतो, म्हणजे गाव नमुना सहा-क. मग फेरफार पडतो. मृत पुरुष हिंदू असेल तर १९५६ चा वारसा कायदा लागतो. अविवाहित, मूलबाळ नसलेल्या माणसाची आई जिवंत असेल तर सगळे तिचे. आई नसेल तर वडील, मग भाऊ-बहीण, पुतणे, भाचे, मग दूरची भाऊबंदकी. आणि अगदीच कोणी सापडले नाही तर सरकार. जोडीदार सरकारच्या मागे उभा आहे असेही नाही. तो रांगेतच नाही. तलाठ्याच्या टेबलापाशी त्याला एकच प्रश्न विचारला जातो : तुम्ही त्यांचे कोण? दवाखान्यात ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करतानाही हाच प्रश्न आलेला असतो, फक्त तिथे उत्तराला वेळ कमी असतो.

मग हयातीतच शेत किंवा घर नावावर का करून दिले नाही? महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला, बायकोने नवऱ्याला, आईबापाने मुलांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. परक्याला दिली तर विक्रीखताला लागते तेवढे. आणि कायद्याच्या लेखी दुकानदार परकाच. शिवाय तो शेतकरी नसेल तर विदर्भाच्या कूळ कायद्याप्रमाणे शेतजमीन त्याच्या नावावर करताना वेगळीच अडचण. रोख रक्कम दिली तरी पन्नास हजारांवरच्या भेटीवर प्राप्तिकर लागतो. पती-पत्नीत तो लागत नाही. प्राप्तिकराच्या या भेदाविरुद्ध एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली असून ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. लग्नाची मागणी हरली, पण कराच्या दारातून तोच प्रश्न परत आत आला आहे. मला ही वाट आवडते. भावनेपेक्षा हिशेबाने कायदे लवकर हलतात.

पुरुषांचे निदान 'मावसभाऊ' म्हणून निभते. दोन मुलींना ती सवलत नाही. दोघी घर सोडून गेल्या की घरचे पोलिसांत 'मिसिंग' लिहितात, पोलिस शोधून आणतात, आणि सज्ञान असूनही ठाण्यात दोघींच्या मधे दोन्हीकडची माणसे बसतात. मुलगा-मुलगी पळाली तर दुसऱ्या दिवशी लग्नाचे सर्टिफिकेट दाखवतात. या दोघींकडे दाखवायला काही नसते. मार्च २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावले की अशा प्रकरणांत समुपदेशनाच्या नावाखाली मुलीचे मन वळवू नका, तिचे म्हणणे घरच्यांच्या दबावाबाहेर ऐका. गेल्या शतकातला दाखला हवा असेल तर मध्य प्रदेश पोलिसांतल्या दोन महिला शिपायांचा आहे. १९८७ च्या अखेरीस त्यांनी आपसात लग्न लावले आणि नोकरी गमावली. त्या ना इंग्रजी शाळेतल्या होत्या, ना शहरी उच्चभ्रू.

इथे वाचकांपैकी काहींच्या मनात येईल, की लग्न ही धर्माची, रूढीची गोष्ट. तिच्यात सरकारने ढवळाढवळ का करावी? केळापूर तालुक्यात तरी हा आक्षेप टिकत नाही. इथे गोंड, कोलाम, परधान यांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पांढरकवड्यातच आहे. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा हे दोन्ही, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागूच नाहीत. त्यांची लग्ने, काडीमोड, वाटण्या आजही जमातीच्या चालीने होतात, आणि कायदा ती चाल मान्य करतो. बाकीच्या अनेक जातींत विधवेचा पाट लागायचा, तोही भटजीशिवाय, रात्रीचा, आणि तो संसार सगळे मानत. एकाच बाजारपेठेत चार तऱ्हांची लग्ने होत आली, आणि नोंदवही चारही तऱ्हा मुकाट्याने लिहून घेत आली. नगर परिषदेचा बाबू सप्तपदी झाली का विचारत नाही. भटजी नसेल तर जो कोणी लग्न लावेल त्याची सही घेतो.

महाराष्ट्राचे तर हे सगळे भांडण एकदा भांडून झाले आहे. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये भटजीशिवाय पहिले लग्न लावले, तेव्हा ते लग्नच नव्हे असे म्हणणारे कमी नव्हते. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचे छत्र दिले, तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झाली. पण सर्वांत उपयोगी धडा तमिळनाडूचा आहे. पेरियारांच्या चळवळीत हजारो 'स्वाभिमान विवाह' झाले, मंत्र नाही, अग्नी नाही. १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्या पद्धतीचे लग्न बेकायदा ठरवले. एका निकालाने तिकडच्या असंख्य बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. १९६७ मध्ये अण्णादुराईंचे सरकार आल्यावर त्यांनी हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरते ७-अ हे कलम घातले आणि असे सगळे विवाह, आधी झालेलेसुद्धा, वैध केले. दिल्लीने नव्हे, राज्याच्या विधिमंडळाने.

कायदेशीर पाया साधा आहे. विवाह, वारसा आणि मृत्युपत्र हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहेत. केंद्र कायदा करू शकते तसे राज्यही. केंद्रीय कायद्याशी टक्कर होत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, एवढेच. 'नमुना ड' ज्या कायद्यातून आला तो महाराष्ट्राचाच कायदा आहे. तो मुंबईत केला गेला आणि मुंबईतच बदलता येईल. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात बदलाचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. पण मराठी लोकप्रतिनिधीने हा विषय सभागृहात मांडल्याचा दाखला आहे.

मग नेमके करायचे काय? शेजारचा नेपाळ बघा. २७ जून २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की कायदा होईल तेव्हा होईल, तोवर अशा जोडप्यांची वेगळी तात्पुरती नोंद ठेवा. काठमांडूच्या जिल्हा न्यायालयाने एका जोडप्याला तरीही परत पाठवले, वरच्या न्यायालयानेही ते उचलून धरले. ती दोघे डोंगरातल्या लमजुंग जिल्ह्यात गेली. तिथल्या दोर्दी गाऊँपालिकेने, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या थोड्या मोठ्या भावंडाने, २९ नोव्हेंबर २०२३ रोजी माया गुरुंग आणि सुरेंद्र पांडे यांचा विवाह नोंदवला. माया ट्रान्स स्त्री, पण नागरिकत्वाच्या कागदावर पुरुष. मंदिरात लग्न होऊन सहा वर्षे झाली होती. दक्षिण आशियातली ही पहिली नोंद राजधानीत झाली नाही, गावच्या कचेरीत झाली. पुढच्या फेब्रुवारीत तराईतल्या दुसऱ्या एका गाऊँपालिकेने दोन स्त्रियांची नोंद केली. या नोंदीने वारसा आपोआप मिळत नाही, ती तात्पुरती आहे, हे खरे. तरी दवाखान्यात दाखवायला कागद झाला.

जपानमध्येही सुरुवात तळातूनच झाली. टोकियोच्या शिबुया वॉर्डाने नोव्हेंबर २०१५ मध्ये जोडीदार प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. कायद्याचे बळ शून्य, पण घरमालक आणि दवाखाने ते मानू लागले, आणि नंतर शेकडो नगरपालिकांनी तेच केले. डेन्मार्कने १ ऑक्टोबर १९८९ ला जगात पहिल्यांदा 'नोंदणीकृत जोडीदारी' आणली. लग्न नव्हे, पण वारसा, कर, पेन्शन सगळे लग्नासारखे. २०१२ मध्ये लग्नच खुले झाले आणि नवी जोडीदारी नोंदवणे बंद पडले. म्हणजे ती पायरी होती, मुक्काम नव्हे.

चळवळीतल्या अनेकांना ही पायरी मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. लग्न तुमचे, आमच्यासाठी दुसऱ्या दर्जाची नोंद, ही वेगळी पंगत झाली असे ते म्हणतात. पांढरकवड्यात बसून मला मात्र वाटते की आधी पंगतीत बसू द्या. आणि पंगत वेगळी वाटू नये याची एक युक्ती फ्रान्सने दाखवली आहे. १९९९ मध्ये त्यांनी 'पॅक्स' नावाचा सहजीवन करार आणला, तो स्त्री-पुरुष, दोन स्त्रिया, दोन पुरुष, सर्वांना खुला. आज तिथे तो करणाऱ्यांत स्त्री-पुरुष जोडपीच जास्त आहेत. आपणही तसेच करावे. रक्ताच्या जवळच्या नात्यात नसलेल्या, सध्या विवाहबंधनात नसलेल्या, सज्ञान अशा कोणत्याही दोघांना आपले सहजीवन नोंदवता यावे. ते एका खाटेवर झोपतात का हे विचारण्याचे सरकारला काम नाही.

याचा फायदा इथल्या बायांना किती होईल बघा. या पट्ट्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा आहेत, टाकलेल्या आहेत, लग्न न केलेल्या आहेत. दोघी मिळून ठोक्याने वावर करतात, एकीची पोरं दुसरी सांभाळते, आजारपणात एकमेकींना दवाखान्यात नेतात. त्यांना समलिंगी म्हणायची गरज नाही, कदाचित त्या नसतीलही. पण त्यांच्या घरालाही कायद्यात ओळ नाही. अशा नोंदणीमागे दोन मुलगे आणि दोन विधवा एकत्र उभे राहिले, तर आमदाराला 'नाही' म्हणणे अवघड जाईल. मद्रास उच्च न्यायालय याच दिशेने जाते आहे. २०२३ मध्ये न्या. आनंद व्यंकटेश यांनी तमिळनाडू सरकारला कौटुंबिक सहवासाच्या नोंदणीकृत कराराचा विचार करायला सांगितले, आणि मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले की कुटुंब उभे करायला लग्न हा एकच मार्ग नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहायचे तर नोंदणी सक्तीची झाली आहे, न केल्यास शिक्षा. ही नोंदणी हक्क देण्यापेक्षा पहारा ठेवण्यासाठी अधिक आहे. विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीस फळ्यावर लागून घरच्यांना सुगावा लागतो आणि मुलीला कोंडतात, हा अनुभव आपल्याकडे जुना आहे. नवी नोंदणी ऐच्छिक हवी, नोटिशीशिवाय हवी, आणि मोडायची असेल तर दोघांपैकी एकाच्या अर्जाने, हिशेब चुकता करून मोडता यायला हवी. महाराष्ट्रातला विवाह अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. ही नोंद मात्र तालुक्यातल्या दुय्यम निबंधकाकडे व्हायला हवी, जिथे आज खरेदीखते आणि मृत्युपत्रे नोंदली जातात.

तोवर ज्यांना गरज आहे त्यांनी थांबू नये. मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते वैध होते, मुद्रांक लागत नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवले तर पुढची भांडणे कमी होतात. शेती द्यायची असेल तर आधी वकिलाला विचारा. घर दोघांच्या नावावर घ्या. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आजाराच्या उपचारांसाठी कोणत्याही सज्ञान माणसाला साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमता येतो, तिथे नात्याची अट नाही. कायद्यातली ही मोलाची जागा फार थोड्यांना माहीत आहे. असाध्य आजारात काय करावे याचे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरीकडून साक्षांकित करता येते. रेशन कार्डासाठी तहसीलमध्ये अर्ज द्या, सोबत केंद्राच्या पत्राचा उल्लेख करा आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. सल्ल्यासाठी माणूस हवा असेल तर नागपुरात सारथी ट्रस्ट आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी उभारलेली समपथिक ट्रस्ट ही या विषयावर वर्षानुवर्षे काम केलेली नावे आहेत.

हे सगळे कागद एकत्र केले तरी त्यांतून पती-पत्नीला एका सहीने मिळते त्याच्या निम्मेही मिळत नाही. त्यासाठी कायदाच लागेल. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, पांढरकवड्यापासून दीडशे किलोमीटरवर. १९९८ च्या कायद्यात एक प्रकरण आणि एक नवा नमुना वाढवणारे अशासकीय विधेयक तिथे कोणत्याही आमदाराला मांडता येते. विदर्भातल्या एका तरी आमदाराने ते मांडावे. नमुन्यात 'वर' आणि 'वधू' असे रकाने नसावेत, 'अर्जदार क्रमांक एक' आणि 'अर्जदार क्रमांक दोन' असे असावेत, एवढी सूचना आत्ताच करून ठेवतो.